ताडोबा फुकटात कसं बघायचं? (मदत हवी आहे, घाई आहे)

चिमूरकडचा
नमस्कार. ताडोबा फुकटात बघायची काही सोय आहे का? आम्ही चार जण. येत्या आठ दिवसांतच जायचं आहे. मृग लागून गेला, एक चांगला पाऊस पडला की पेरणी, मग दिवाळीपर्यंत मान वर करायला फुरसत नाही. मंगळवारी माझं दुकान बंद असते म्हणून मंगळवारच धरला आहे. कोणीतरी सांगितलं की इथल्या आधारकार्डावर फुकट सोडतात. परवा मोटारसायकलने एका गेटवर जाऊन आलो, तर खिडकीतल्या पोराने मोबाईलातून डोकं न काढता ‘ऑनलाइन’ एवढंच सांगितलं. ज्याला माहीत आहे त्यानेच लिहा, उपदेश नको.

मोहफूल
कोअरला जायचं की बफरला? गेट कोणतं? चौघांत लेकरं किती? आणि भाऊ, मंगळवारी कोअर बंद असतं.

चिमूरकडचा
मंगळवारी काऊन बंद? वाघ सुटीवर जाते काय? लेकरू एकच, सहावीत आहे. कोअर-बफर मला काही समजत नाही. आत जायचं आहे.

वनवाटा
कोअर म्हणजे आतलं मुख्य जंगल, बफर म्हणजे त्याच्या भोवतालचा पट्टा. मंगळवारचा बंद जंगलाला श्वास घेता यावा म्हणून आहे. आणि राष्ट्रीय उद्यान फुकट असूच नये, हे माझं स्पष्ट मत. १९५५ साली उद्यान झालं तेव्हा येणारे किती होते आणि आज किती आहेत? व्याघ्र प्रकल्पात कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन चालवता येतं, तेवढ्यात सफारीच्या किती उघड्या गाड्या, जिप्सी, कोंबायच्या? फुकट केलं की पिकनिक, पिकनिक झाली की चिप्सची पाकिटं.

चिमूरकडचा
उपदेश नको म्हटलं होतं.

भाकरतुकडा
वनवाटा साहेब, फुकट वाघ बघायचा असल तर आमच्या गावात या. मागच्या मयन्यात गोठ्याच्या मागून गोऱ्हा नेला. तेंदूपत्त्याच्या हंगामात बाया सकाळी जंगलात जातात तं परत येईपर्यंत घरच्यांच्या जिवात जीव नसते. माणूस गेला तं सरकार २५ लाख देते, पण तो माणूस काय २५ लाखात परत येते? तुमी कॅमेरा घेऊन येता, आमी काठी घेऊन जातो. जंगल एकच आहे.

वनवाटा
मी नुकसानभरपाईबद्दल काही बोललोच नाही. विषय प्रवेशशुल्काचा आहे.

भाकरतुकडा
विषय तोच आहे.

परतवाड्याचा_काका
ताडोबाचं वेड सोडा. परतवाड्याहून धारणीची एसटी धरा. सेमाडोह, हरिसाल, सगळा रस्ता मेळघाटातून जातो. उजव्या खिडकीजवळ बसा. मी नोकरीत असताना त्या रस्त्याने अस्वल पाहिलं, दोनदा. बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, ६५ च्या पुढे अर्धं, ७५ च्या वर तर पूर्ण फुकट. याहून स्वस्त राष्ट्रीय उद्यान कोणी दाखवून द्यावं.

मोहफूल
काका, ते चिमूरला आहेत. परतवाड्याला पोचेपर्यंतच अर्धा दिवस जाईल. आणि एसटी काही मेळघाटातल्या गुगामल राष्ट्रीय उद्यानाच्या आतून जात नाही.

परतवाड्याचा_काका
जंगलाला काय पाटी लावलेली असते काय, इथून उद्यान आणि इथून मेळघाट म्हणून? सागवान तेच.

न्यूजर्सीकर_वऱ्हाडी
इकडे अमेरिकेत चौथीतल्या मुलांना वर्षभराचा फुकट पास मिळतो, त्याच्यासोबत गाडीतले घरचे सगळे आत. शिवाय बहुतेक ठिकाणी शुल्कच नाही. ग्रेट स्मोकी माउंटन्समध्ये आजही प्रवेश मोफत, फक्त २०२३ पासून गाडी लावायचे दिवसाला ५ डॉलर घेतात. आपल्याकडे असं का होत नाही?

चिमूरकडचा
माझा पोरगा सहावीत आहे आणि मी चिमूरला आहे.

शाळामास्तर
सहावीत आहे ना, मग विचारतो. गाव बफरमध्ये येतं का? बफरमधल्या गावांच्या शाळांसाठी ‘चला माझ्या ताडोबाला’ उपक्रम आहे, त्यात मुलांना सफारीला नेतात. तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा. आमची पोरं गेली होती. परत आल्यावर आठ दिवस निबंधाचा विषय कोणताही द्या, दुसऱ्या ओळीत वाघ.

चिमूरकडचा
सर, गाव बफरच्या बाहेर आहे, चार किलोमीटर. वाघाला ते कोणी सांगितलं नाही, तो येते. आणि आता सुट्या आहेत, शाळा महिन्याच्या शेवटी उघडते.

जिप्सी_४×४
मी ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे गाडी चालवतो. नीट सांगतो.
आधारवर फुकट असं काही नाही, ज्याने सांगितलं त्यालाच घेऊन जा गेटवर. पैशात तीन गोष्टी असतात: प्रवेश, जिप्सी आणि गाईड. उद्या प्रवेश माफ झाला तरी डिझेल आणि गाईडची मजुरी कोण देईल? आमचे गाईड याच गावांतली पोरं-पोरी आहेत, त्यांचं घर त्यावर चालते. स्वतःची गाडी आत नेता येत नाही. बुकिंग वनविभागाच्या साइटवरच करा, मधल्या एजंटाला पैसे देऊ नका. बुकिंगला जे ओळखपत्र टाकलं तेच मूळ सोबत पाहिजे, झेरॉक्स चालत नाही. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद, म्हणजे तुमच्या हातात जूनचे उरलेले दिवस आहेत. एका जिप्सीत सहा जण बसतात, चौघांनी पूर्ण गाडीचे पैसे भरण्यापेक्षा दोघं सोबत घ्या.
पण आधी सांगा, वाघच पाहायचा असेल तर बफर घ्या. आजकाल तिकडेही चांगला दिसतो.

चिमूरकडचा
वाघ पाहायचा असं मी कुठे लिहिलं? वाघ दिवाळीत आमच्या तुरीतून गेला, पाऊल मी विटेने झाकून ठेवलं होतं वनरक्षकाला दाखवायला.
आईला जामणी पाहायची आहे. तिचं माहेर आहे ते.

मोहफूल
हे पहिल्या ओळीत लिहायचं ना भाऊ!

चिमूरकडचा
त्यात काय लिहायचं. जामणी कुठे होती ते इकडे सगळ्यांना माहीत आहे. २०१४ ला गाव उठवलं, मामा लोक बाहेर आले, आता तिथे कुरण आहे म्हणतात. आई ७६ वर्षांची. लग्न होऊन निघाली तेव्हा बैलबंडीने आली होती. मागच्या पंधरवड्यापासून एकच धोसरा, एकदा दाखवून आण. माहेरी जायला तिकीट कोणी काढते काय, म्हणून फुकट विचारलं. सफारीच्या पैशात माझ्या कपाशीच्या बियाण्याच्या पाच-सहा बॅगा येतात.

भाकरतुकडा
बरोबर बोलले. तारू देव आमचा, तळ्याकाठी बसला. गोंडांचा गावप्रमुख होता, वाघाशी झुंजून मेला, त्याच्या नावावरून ताडोबा. पौषात त्याची जत्रा भरायची. आता देवाच्या दारात जायले बी ओळखपत्र.

वनवाटा
पुनर्वसन झालं म्हणूनच तिथे आज सांबर आणि चितळ चरतायत. पण ठीक आहे, या काकूंचं प्रकरण वेगळं आहे. मागचं ‘उपदेश’वालं मनावर घेतलं नाही. क्षेत्र संचालकांच्या कार्यालयात साधा अर्ज करून बघा, मूळ गावची रहिवासी म्हणून. झालं तर झालं.

चिमूरकडचा
अर्जाचं उत्तर येईपर्यंत कपाशी वेचून होईल.

परतवाड्याचा_काका
आई ७६ वर्षांच्या आहेत म्हणता, म्हणजे एसटी पूर्ण फुकट. धारणीचा विचार करा अजूनही.

जिप्सी_४×४
काका, जरा थांबा ना.
भाऊ, जामणीकडे सफारीचा रस्ता जातो. गाईडला बसल्या बसल्या सांगा, वाघाच्या मागे गाडी पळवू नको, जामणीला नेऊन थोडी उभी कर. नवीन पोरगा असला तर ऐकणार नाही, म्हणून आधीच सांगायचं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: गाडीतून उतरता येत नाही. माती उचलता येत नाही, झाडाखाली बसता येत नाही. आईला हे घरूनच सांगा, तिथे जाऊन सांगितलं तर त्रास होईल. दुपारची फेरी घेऊ नका, जूनमध्ये उघड्या जिप्सीत त्यांना झेपायची नाही. सकाळची घ्या, डोक्याला दुपट्टा, पाण्याची बाटली, आणि कमरेला उशी. रस्ता दणके देते.

न्यूजर्सीकर_वऱ्हाडी
माझी आजी पण तिकडचीच, कोळसा गावची. बुकिंगचे पैसे मी पाठवू का?

चिमूरकडचा
नको दादा, तेवढं आहे. फुकट मिळते काय एवढंच विचारलं होतं.
आईला सांगितलं, उतरता येत नाही म्हणून. थोडा वेळ तांदूळ निवडत बसली. मग विचारलं, आंब्याच्या खाली पाटलाची विहीर होती, ती गाडीतून दिसन काय?

जिप्सी_४×४
विहिरीचं मी सांगू शकत नाही. जुना गाईड मिळाला तर त्याला माहीत असन.

चिमूरकडचा
गुरुवार सकाळचं बुकिंग झालं. दुकान पोराचा काका सांभाळते. रात्रीच मोटारसायकल न घेता मामाकडे मुक्कामाला जातो आहे, तिथून गेट जवळ. वाटून घ्यायला दोघं कोणी मिळत नाहीत, पूर्ण गाडीच घेतली.

शेगावची_सून
दोन जागा रिकाम्या आहेत का? मी आणि आमचे हे, दोघंच. गेटवर बुकिंग भेटलं नाही म्हणून अडकलो आहोत. फुकट नाही, वाटा देऊ.

जिप्सी_४×४
ताई, ज्यांची नावं बुकिंगात आहेत तेच जातात. नावं आता जोडता येतात का ते भाऊंना साइटवर पाहू द्या आधी.

चिमूरकडचा
पाहतो आज. जोडता आली तर या. पण आईची जागा डाव्या अंगाला आहे. विहीर डावीकडेच येते म्हणते. तेवढी मागू नका.