मदत हवी आहे : टॉर्च खरंच किती तास चालते हे घरी कसं मोजायचं? एकाच टॉर्चचे दोन वेगळे आकडे येतायत

ऊसवाला

नमस्कार मंडळी, आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो म्हणजे प्रश्न कळेल. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, मी पुण्यात नोकरीला. शेतीची लाईट रात्रीची असली की वडील उसाला दारं धरायला जातात, एकदा गेले की तीन-चार तास तरी बांधावर. बिबट्याचं जुन्नरकरांना वेगळं सांगायला नको, आणि घोणस तर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. त्यांची जुनी बॅटरी (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि आतल्याला सेल, गोंधळ नको म्हणून खाली टॉर्च आणि सेल असंच लिहितो) मागच्या दोन पिना बाहेर काढून थेट सॉकेटला लावायची, ती लेड ॲसिडवाली. पावसाळाभर चार्ज न करता खुंटीला लटकून राहिली, आता अर्ध्या तासात पिवळी पडते.

म्हणून ऑनलाइन एक नवी मागवली. खोक्यावर लिहिलंय १०,००० लुमेन (म्हणजे टॉर्चचा एकूण उजेड), १२ तास, सेल ४८०० एमएएच (म्हणजे सेलची साठवण). आत एकच १८६५० सेल आहे (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, त्या मापाचा लिथियम सेल). गावी पाठवायच्या आधी म्हटलं आपणच मोजून बघू, कारण बारा तासांच्या भरवशावर वडील गेले आणि मध्यरात्री उसात अंधार झाला तर बोलणी मलाच बसणार.

मी केलं ते असं. रात्री बेडरूमचे पडदे लावले, टॉर्च स्टीलच्या तांब्यात उभी केली, झोत पांढऱ्या छताकडे. मोबाईल दीड मीटरवर स्टुलावर पालथा नाही तर सरळ, लक्स (म्हणजे त्या जागी पडणारा उजेड) मोजणारं ॲप चालू, स्क्रीन बंद होऊ नये अशी सेटिंग. सेन्सर कुठेय ते बोट फिरवून शोधला, माझ्या फोनला वरच्या स्पीकरजवळ आहे. स्टुलाच्या पायांना फरशीवर खडूने खुणा केल्या, जागा हलू नये म्हणून. बायको दोनदा डोकावून गेली, काही बोलली नाही, पण चेहऱ्यावर सगळं होतं.

पहिल्या दिवशी हाय मोडला: ३० सेकंदांनी २१२ लक्स, ५ मिनिटांनी १३८, एका तासाला १२९, दोन तासांना ९६, मग झपाट्याने उतरत ३ तास १० मिनिटांनी २०.

दोन दिवसांनी परत फुल चार्ज करून (हिरवा दिवा लागल्यावरच काढली) तीच जागा, तोच फोन: ३० सेकंदांनी २०८, ५ मिनिटांनी १७१, एका तासाला १६०, पावणेदोन तासांना ११८, आणि २ तास २० मिनिटांत २०. त्या दिवशी आकडे सारखे थोडे नाचत पण होते, उकडत होतं म्हणून पंखा लावलेला त्याची पाती आड येत असतील.

तर प्रश्न असे की पाऊण तासाचा फरक कशामुळे? सेल खराब आहे की माझी पद्धतच चुकतेय? लक्सवरून लुमेन काढता येतात का? आणि सेल खरंच ४८०० चा आहे का हे कसं बघायचं?

जुना मिस्त्री

दादा तुमचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय, पंखा! पंख्याने पाती आड आली एवढंच नाही झालं, टॉर्च गार पण राहिली. पहिल्या दिवशी पाच मिनिटांत २१२ चे १३८ झाले ना, ते टॉर्च तापली म्हणून आतल्या सर्किटने करंट कमी केला. दुसऱ्या दिवशी हवा लागत होती, तापली कमी, म्हणून उजेड जास्त राहिला आणि सेल लवकर संपला. दोन्ही दिवसांचा लक्स गुणिले तास असा हिशोब मी ढोबळ मांडून बघितला, एकदा ३१८ आला एकदा ३१०. म्हणजे सेलने दोन्ही वेळा जवळपास तेवढीच ऊर्जा दिली. तुमची पद्धत चांगली आहे, बंद पंख्याने परत करा असं मात्र मी म्हणणार नाही, कारण वडील काय बंद खोलीत दारं धरत नाहीत. डिसेंबरात रात्री शेतात गार वारा असतो, तेव्हा २ तास २० मिनिटांचा आकडाच धरा.

खोक्यावरच्या तासांचं म्हणाल तर एफएल-१ नावाचं मानक आहे, २००९ पासूनचं, त्यात ३० व्या सेकंदाला असलेल्या उजेडाच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ म्हणजे रनटाइम. तुम्ही २० लक्सला थांबलात ते नेमकं बरोबर जमलं. पण १० टक्के उजेड म्हणजे वडिलांच्या दृष्टीने टॉर्च कधीच गेलेली असते, त्यामुळे निम्म्यावर कधी आली ती वेळ पण लिहून ठेवा. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, उजेड निम्मा झाला तरी डोळ्याला थोडासाच कमी वाटतो.

रातकिडा

४८०० एमएएचचा १८६५० हे वाचूनच हसू आलं. या मापात चांगल्या कंपन्यांचे सेल बहुतेक ३५०० च्या आसपास थांबतात. साधा हिशोब करा, ३००० एमएएच गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे साधारण ११ वॅट-तास. बारा तास चालवायचा तर वाट्याला एक वॅटही येत नाही, आणि एका वॅटमागे साधारण १०० लुमेन मिळतात. दहा हजार लुमेन कुठून येणार? तेही आणि बारा तासही खरे असतील तर तांब्यात टॉर्च नाही, पॉवरहाऊस ठेवलंय तुम्ही.

यूएसबी मीटर मिळतो तो चार्जर आणि टॉर्चच्या मध्ये लावा, पूर्ण उतरलेला सेल चार्ज होताना किती एमएएच आत गेले ते दाखवेल. साध्या चार्जिंग सर्किटमध्ये जेवढे आत गेले त्याहून जास्त सेलमध्ये असूच शकत नाहीत. सेल वजनकाट्यावरही ठेवा, चांगला १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो.

लुमेनसाठी खात्रीच्या ब्रँडची एक टॉर्च कुणाकडून उसनी आणा आणि त्याच जागी त्याच छतावर मोजा, मग त्रैराशिक. घरातल्या ९ वॅटच्या बल्बशी तुलना करू नका, बल्ब चहूकडे उजेड टाकतो आणि थेट सेन्सरवरही, आकडा भलताच येईल.

ऊसवाला

पंखा! डोक्यातच आलं नाही, दोघांचेही आभार.

अपडेट देतो. सेल काढून किचनच्या काट्यावर ठेवला, ४१ ग्रॅम. शेजारी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला सेल ठेवला, तो ४६. यूएसबी मीटरवर १,९१० एमएएच गेले. मित्राची १,००० लुमेनची टॉर्च तांब्यात उभी केली तर ४५० लक्स, म्हणजे माझी ४७० लुमेनच्या आसपास. दहा हजारातले ४७०!

लो मोडला पण चालवली, ४८ लक्सला सुरू झाली, ६ तास ४० मिनिटं चालली. आता बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये पाच मीटरवरून झोताच्या मध्यावर मोजलं तर १८० लक्स येतात, त्याचं काय करायचं?

जुना मिस्त्री

अंतराच्या वर्गाने गुणा. १८० गुणिले २५ म्हणजे ४,५०० कँडेला, ही झोताची तीव्रता. त्याचं वर्गमूळ ६७, दुप्पट केलं की १३४ मीटर, म्हणजे तिथपर्यंत पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, पाव लक्स उजेड पोचतो. चाळीस मीटरवर उसाच्या कडेला जवळपास ३ लक्स मिळतील, काहीतरी हललं तर दिसेल. बांधावर चालायला लो, उसाकडे मारायला दोन-चार सेकंद हाय, असं वडिलांना सांगा, रात्र निघेल.

आणि टेस्ट संपल्यावर सेलचे व्होल्ट बघितलेत का?

ऊसवाला

बघितले, मल्टिमीटरवर २.६. तेव्हाही मिणमिणत होतीच, आपोआप बंद झाली नाही. वडिलांना फोनवर सगळा हिशोब सांगितला, ते म्हणाले मंद चालेल, अचानक विझू नको म्हणजे झालं.

रातकिडा

२.५ च्या खाली जाऊ देऊ नका, सेलचं आयुष्य जातं आणि तसा उतरलेला सेल परत चार्ज करणं धोक्याचं. ही टॉर्च स्वतः करंट तोडत नाहीये, तेव्हा प्रोटेक्शनवाला सेल (फार उतरला की आपणच करंट तोडणारा) घ्या, दोन घ्या, एक खिशात. फक्त तो सेल लाईट गेल्यासारखा एकदम बंद पडतो, वडिलांना नको तेच, म्हणून दुसरा खिशात हवाच, प्लास्टिकच्या डबीत, किल्ल्या-नाण्यांबरोबर नाही. लांबीला तो तीन-चार मिलिमीटर जास्त असतो, मागवायच्या आधी मागचं झाकण उघडून स्प्रिंग किती दबते ते बघा.

ऊसवाला

पाच मिलिमीटर तरी दबतेय. मागवतो दोन.