मदत हवी आहे: बीपीची गोळी ठोके दाबून ठेवते, मग बँडवरचा कोणता आकडा सांगू?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात माझा छोटा दवाखाना आहे, पेशंट बहुतेक बीपी-शुगरचे. "रोज चाला" सांगून तोंड दुखलं. "चालतो की, दूध आणायला जातो" हे उत्तर ठरलेलं. म्हणून हृदयाचे ठोके मोजणारे सहा साधे मनगटी बँड घेतले. दोन-दोन आठवडे वापरायला देतो.

सुरुवात झकास झाली. ५८ वर्षांच्या एक मावशी, "दिवसभर रानात राबते, वर आणि चालू कशाला?" म्हणणाऱ्या. मिनिटाला जास्तीत जास्त ठोक्यांचा अंदाज २२० वजा वय, म्हणजे १६२. त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे १०४ ते १२३ ठोके, हा मध्यम व्यायामाचा टप्पा चिठ्ठीवर लिहून दिला. भांगलताना ठोके नव्वदीपुढे जाईनात, चार भिंती या टेकडीवरच्या स्मारकाच्या चढावर मात्र ११५! आता अशा व्यायामाची आठवड्याची १५० मिनिटं भरली की नाही, हा हिशोब त्याच मला देतात. (बांगड्यांमुळे पट्टा सैल राहून आधी भलतेच आकडे यायचे. बँड मनगटाच्या वर सरकवून घट्ट बांधल्यावर जमलं.)

अडचण मेटोप्रोलॉल (ठोके कमी ठेवणारी बीपीची गोळी) घेणाऱ्या एका काकांची आहे. अजिंक्यतारा किल्ल्याच्या अर्ध्या वाटेत घामाघूम, तरी बँडवर ९४. आपणच कमी पडतोय असं वाटून ते वेग वाढवायला लागले, तेव्हा मी बँड काढून घेतला. वर मेव्हण्याचा सल्ला, गोळीच सोडा! ती अचानक सोडणं किती धोक्याचं आहे, हे समजावण्यात अर्धा तास गेला.

अशांना आकडा द्यावा का? दिला तर कोणता? आणि स्मार्टफोन नसलेल्यांची नोंद तुम्ही कशी ठेवता?

प्रतिसाद १
सांगलीत फिजिओथेरपी करते. या गोळीवर २२० चं सूत्र लावूच नका. गोळी चालू ठेवून स्ट्रेस टेस्ट (व्यायाम करवून घेतलेली हृदयाची तपासणी) झाली असेल, तर त्यातल्या ठोक्यांवरून टप्पा ठरवता येतो. नसेल तर बोर्ग स्केलवर, म्हणजे किती दम लागतोय हे पेशंटनेच ६ ते २० मध्ये सांगायच्या मोजपट्टीवर, ११ ते १३ इतका दम पुरे. सोप्यात सांगायचं तर चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. माझे पेशंट अभंग म्हणून बघतात. छातीत दुखतं का, हे मात्र आधी विचारा.

धागाकर्ता
छातीत दुखत नाही, विचारलंय. स्ट्रेस टेस्ट झालेली नाही, ती सुचवतो. अभंगाची युक्ती आवडली, पण काका माळकरी आहेत. दम लागला तरी अभंग सोडायचे नाहीत! त्यांना गप्पाच मारायला सांगतो. नोंदीचं कुणी सांगेल का? सध्या पेशंट वहीत रेघा मारून आणतात.