'एकच अर्ज करा आणि शांत बसा' म्हणणाऱ्यांसाठी

रातपाळीवाली:
परवा 'सीट अडवू नका' असा एक लेख इथेच आला. सारांश असा: नर्सिंगची खरी ओढ असणारा एकाच कॉलेजात अर्ज करतो आणि निकाल लागेपर्यंत शांत बसतो. चार ठिकाणी अर्ज करून, एक सीट हातात ठेवून दुसरीची वाट बघणारे स्वार्थी, त्यांच्यामुळे गरजूंची संधी जाते. खाली टाळ्यांचा पाऊस. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते आवरेना, म्हणून वेगळा धागा.

हा सल्ला देणाऱ्याला एक वर्ष फुकट गेलं तरी चालणार असतं. ज्याला अर्ज करायचाय त्याला ते परवडत नाही. माझी भाची सध्या याच फेऱ्यात आहे. मार्क दिले, निबंध दिला, शिफारसपत्रं दिली, लसीकरणाचे दाखले दिले, मुलाखत झाली. आता पोर्टलवर 'विचाराधीन' एवढा एकच शब्द, आणि निकाल कधी याची तारीख कुठेच नाही. मेल केला तर उत्तर येतं, 'कृपया वारंवार विचारणा करू नये'. तिने विचारलं होतं एकदा.

आणि कॉलेजं काय करतात? बऱ्याच संस्था जागांपेक्षा जास्त जणांना बोलावणं पाठवतात, कारण काही येणार नाहीत हे त्यांना ठाऊक असतं. वर वेटिंग लिस्टही राखून ठेवतात. संस्थेने पर्याय हाताशी ठेवले तर ते नियोजन, अठरा वर्षांच्या पोरीने ठेवले तर स्वार्थ. व्वा.

सरळमार्गी:
नाव न घेता लिहिलंत, पण लेख माझा आहे, तेव्हा उत्तर देतो.

वर्ग सुरू झाल्यावर रिकामी राहिलेली सीट तुम्ही पाहिली आहे का? मी पाहिली आहे. एका मुलाने सीट घेतली, ओळखपत्र काढलं, ॲनाटॉमीचे वर्ग सुरू झाले, आणि मग दुसरीकडून बोलावणं आल्यावर हा निघून गेला. वेटिंगवरच्या मुलीला कळवलं तेव्हा तिने कंटाळून दुसऱ्याच कोर्सला नाव घातलं होतं. ती सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली. वॉर्डच्या बॅचेस आधीच पडलेल्या असतात, मध्येच कुणाला घुसवता येत नाही. हे नुकसान कुणाच्या खात्यावर लिहायचं?

अर्ज कितीही ठिकाणी करा, ते एक वेळ मान्य. पण सीट स्वीकारणं म्हणजे शब्द देणं. नर्सने दिलेला शब्द पाळायला हवा, एवढं जुनाट मत बाळगायला मी मोकळा आहे.

आकडेमोड:
दोघेही थोडे थांबा. अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने 2021 सालचा आकडा दिला होता: पदवी आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमांसाठी आलेले 91,938 पात्र अर्ज नाकारले गेले. लक्षात घ्या, अर्ज. अर्जदार नव्हे. एकीने पाच ठिकाणी अर्ज केला आणि पाचही ठिकाणी नकार आला, तर तो पाच धरला जातो. त्यामुळे 'एवढी लायक मुलं बाहेर राहिली' असं त्यावरून म्हणता येत नाही.

पण नाकारण्याची कारणं बघा. शिक्षक नाहीत, क्लिनिकलसाठी, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष सरावासाठी, जागा नाहीत, वर्गखोल्या नाहीत, पैसा नाही. सीट अडवणारे हे कारण त्या यादीत मला तरी दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अहवालात जगभर 59 लाख नर्स कमी असल्याचा हिशोब आहे. जागाच कमी आणि भांडण रांगेतल्यांचं एकमेकांशी.

शंकेखोर:
मग जागा दुप्पट करा की. अडतंय कुठे?

निवृत्त बाई:
वर्गात बाक वाढवणं सोपं असतं हो, वॉर्डात खाटा कुठून वाढवणार? एका शिक्षिकेच्या हाताखाली वॉर्डात ठरावीकच विद्यार्थी ठेवता येतात. त्यापलीकडे गेलं की एका पेशंटचं बीपी सहा जणी घेतात आणि सातवी नुसती लिहून ठेवते. मी शिकवत असताना वरून आदेश आला की बॅच मोठी करा. केली. त्या वर्षीच्या मुली पास झाल्या, पण कॅथेटर घालायला बऱ्याच जणी नोकरी लागल्यावर शिकल्या. आणि शिकवायला माणसं येत नाहीत त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे, वॉर्डातल्यापेक्षा पगार कमी.

सिम्युलेशन, म्हणजे पुतळ्यावर किंवा मुद्दाम उभ्या केलेल्या प्रसंगात सराव, हा एक मार्ग आहे. अमेरिकेच्या नर्सिंग बोर्डांच्या राष्ट्रीय परिषदेचा 2014 चा मोठा अभ्यास सांगतो की क्लिनिकलचे निम्म्यापर्यंत तास चांगल्या सिम्युलेशनने भरून काढले तरी निकालात फरक पडला नाही.

रातपाळीवाली:
बाई, आदर राखून सांगते, पुतळा पहाटे तीनला सलाईन उपटून पळत नाही. पुतळ्याची बायको तुमच्या अंगावर ओरडत नाही.

निवृत्त बाई:
'चांगल्या' हा शब्द तुम्ही वाचला नाही. ओरडणारी बायको सिम्युलेशनमध्येही असते, त्यासाठी माणूस उभा करतात. असो.

पुरुष वॉर्ड:
जागांचं राहू द्या. आहेत त्या कुणाला मिळतात यावर बोला. मार्कांत मी पहिल्या काहींत होतो. मुलाखतीत पहिला प्रश्न काय? 'मेडिकलला लागला नाही म्हणून इकडे आलात का?' दुसरा, 'बाळंतपणाच्या वॉर्डात बायकांना तुम्ही चालाल का?' माझ्यानंतर आत गेलेल्या मुलीला विचारलं, 'आवडता विषय कोणता?' ती लागली, मी वेटिंगवर. पुढच्या वर्षी दुसरीकडे निव्वळ मार्कांवर लागलो. आज आयसीयूत आहे आणि बरा आहे, असं तिथल्या सिस्टरच म्हणतात.

मुलाखत बंद करा. निबंधही बंद करा. 'आजी आजारी होती तेव्हा नर्सचा प्रेमळ स्पर्श पाहिला' हा निबंध प्रत्येकाने लिहिलेला असतो. मीही लिहिला. माझ्या दोन्ही आज्या ठणठणीत होत्या.

सरळमार्गी:
म्हणजे अर्जात खोटं लिहिलंत, हे इथे अभिमानाने सांगताय?

पुरुष वॉर्ड:
हो. कारण 'मला स्थिर नोकरी हवी आहे आणि रक्त बघून चक्कर येत नाही' असं खरं लिहिणाऱ्याला घेत नाहीत. सेवाभावाचं नाटक तुमच्यासारख्यांनीच करायला लावलंय.

निवृत्त बाई:
अनेक वर्षं मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे बसले आहे, म्हणून सांगते. तुम्हाला विचारलेले प्रश्न वाईट होते, त्यात वादच नाही. पण म्हणून मुलाखतच बंद? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने मेडिकलसाठी मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू काढला, 2004 साली त्यावर लेख आला, पुढे नर्सिंगमध्येही तो आला. छोटी छोटी स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक, ठरलेला प्रसंग, ठरलेली गुणपत्रिका. एकाला तुमचं तोंड आवडलं नाही तरी बाकीच्यांकडे तुम्ही कोरे असता. मार्कांवर घेतलेल्यांतही पेशंटला हात लावायला किळस येणारे निघतात. अशी मुलं पहिल्या पोस्टिंगनंतर सोडून जातात, आणि तीही सीट रिकामीच राहते, सरळमार्गी.

आकडेमोड:
मार्क की मुलाखत या वादात हमखास एक दाखला फेकला जातो, तो आधीच सांगून टाकतो. 2014 चा 'लॅन्सेट'मधला युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास: पदवीधर नर्सचं प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त, तर शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी कमी. यावरून लोक म्हणतात, बघा, हुशार मुलंच घ्या. तो अभ्यास शिक्षणाबद्दल आहे. प्रवेशाच्या वेळी कुणाला किती मार्क होते, हे त्यात मोजलेलंच नाही.

शंकेखोर:
दाखला फेकणाऱ्याआधी दाखला खोडून काढलात. एकटेच कुस्ती खेळता का?

माझं मत: किमान पात्रता ठरवा आणि चिठ्ठ्या टाका. नेदरलँड्सने मेडिकलला 1972 पासून दशकानुदशकं सोडतच वापरली, मार्क जास्त तर चिठ्ठी निघण्याची शक्यता जास्त. 2017 ला बंद केली आणि 2023 मध्ये पुन्हा मुभा दिली. म्हणजे निवडीचे बाकी सगळे प्रकार करून झाल्यावर परत चिठ्ठीचा विचार करावासा वाटला.

रातपाळीवाली:
चिठ्ठी! दोन वर्षं बायोलॉजी घासायची, सुट्टीत वृद्धाश्रमात काम करायचं, आणि मग डब्यात हात घालून नाव काढणार? शंकेखोर, तुमच्या घरात कुणी अर्ज भरलाय का कधी?

शंकेखोर:
भरलाय. बायकोने. मुलाखतीला 'लग्न झालंय, मूल झालं तर कोर्स पुरा कराल का' असं विचारलं होतं. नाव निघालं नाही. चिठ्ठीने निदान तिच्या गर्भाशयाची चौकशी केली नसती.

पुरुष वॉर्ड:
घ्या. अजून बोला मुलाखतीच्या बाजूने.

निवृत्त बाई:
असले प्रश्न विचारणाऱ्याला मी पॅनेलवरून उठवलं असतं. उठवलंही आहे. तुमचा राग त्या लोकांवर काढा, माझ्यावर का?

सरळमार्गी:
धागा सीट अडवण्याबद्दल होता. आता आज्या, चिठ्ठ्या आणि गर्भाशय. मूळ मुद्द्याला उत्तर नसलं की असंच होतं.

रातपाळीवाली:
उत्तर पहिल्याच पोस्टमध्ये आहे, वाचा. आणि 'नर्सने दिलेला शब्द' वगैरे आम्हाला ऐकवू नका. डबल ड्यूटी करून घेताना आम्हाला दिलेला शब्द किती जण पाळतात ते विचारा आधी. तुम्ही स्वतः नर्स आहात का हो?

सरळमार्गी:
नाही. माझी मुलगी त्या वेटिंग लिस्टवर होती. दुसऱ्या कोर्सला गेलेली तीच.

रातपाळीवाली:
हे लेखात लिहिलं असतंत तर मी इतकं टाकून बोलले नसते. मुद्दा मात्र सोडत नाही. तिच्याकडे दुसरी सीट असती तर ती आज नर्सिंगमध्ये असती.

सरळमार्गी:
आणि कुणा तिसऱ्याची मुलगी बाहेर असती. ठीक आहे, निकालाच्या तारखेपर्यंत दुसरी सीट धरणं समजू शकतो. तुमच्या भाचीला माझ्या परवानगीची वाट बघायची नाहीच म्हणा.

पोर्टल रिफ्रेश:
मी इथे नवीन आहे. सगळं वाचलं, आता जास्तच घाबरलोय. माझी खरी अडचण: एका कॉलेजाने सीट दिली आहे, शुक्रवारपर्यंत स्वीकारा म्हणतात. ज्या कॉलेजात मनापासून जायचंय त्यांचा निकाल पुढच्या आठवड्यात की पुढच्या महिन्यात, तेच कळत नाही. दोन्हीकडे मेल करू का? मेल केला तर नाव खाली जातं का?

निवृत्त बाई:
एका मेलने नाव खाली जात नाही. दुसऱ्या कॉलेजाला चार ओळी लिहा: अमुक तारखेपर्यंत दुसरीकडे उत्तर द्यायचं आहे, निकाल त्याआधी कळू शकेल का. गयावया नको, आजी नको. पहिल्याकडे मुदत वाढवून मिळते का विचारा, कधीकधी मिळते. नाही मिळाली तर सीट घ्या. घेण्याआधी भरलेली फी कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते ते नियमात वाचा, ऑफिसातल्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. आणि दुसरीकडे लागलात तर त्याच दिवशी पहिल्याला लेखी कळवा, वर्ग सुरू व्हायची वाट बघू नका.

पुरुष वॉर्ड:
फोन करून गप्प बसू नका. फोनवर सांगितलेलं नोंदवलं नाही, म्हणून माझी फी अडकवली होती एकाने.

सरळमार्गी:
'त्याच दिवशी लेखी कळवा.' माझ्या लेखातलं शेवटून दुसरं वाक्य अगदी हेच होतं.

रातपाळीवाली:
त्याच्या आधीची चाळीस वाक्यं गाळून छापा मग, मी पण टाळी देईन. पोर्टल रिफ्रेश, मेल आजच पाठव. आणि शिफारसपत्रं अपलोड झालीत का ते तपासून घे, भाचीचं एक पत्र तिथे अडकलं होतं आणि कुणी कळवलंही नव्हतं.

शंकेखोर:
माझ्या चिठ्ठीचं काय झालं?