मदत हवी आहे: फॉर्ममध्ये 'डिसिप्लिन' विचारलंय, काय लिहू? (अर्जंट)

पार्कचौकवाला:
मंडळी लवकर सांगा. फॉर्म भरायलोय, एका रकान्यात नुसतं 'डिसिप्लिन' आणि पुढं मोकळी जागा. कॅफेवाला म्हणतोय 'गुड' टाका साहेब, सगळे तेच टाकतेत. मला काय ते पटंना. रात्री बाराला साईट बंद होणार आणि सर्व्हर आत्ताच झोपा काढायलाय.

कडकभाकरी:
कसला फॉर्म? शाळेचा, नोकरीचा, का पासपोर्टचा? एवढं तरी सांगा की ओ.

एनसीसी_माजी:
शिस्त हो, शिस्त! आमच्या एनसीसीचं ब्रीदच 'एकता और अनुशासन'. सी सर्टिफिकेट असेल तर तेच लिहा तिथं. नसेल तर निदान मुलांना तरी घाला, पहाटे ग्राउंडवर उभं राहिल्याशिवाय हल्लीच्या पोरांना वळण लागत नाही.

पार्कचौकवाला:
पोरं नाहीत अजून. फॉर्म बायकोचा आहे, नोकरीचा.

इंजि_होटगीरोड:
'गुड' नका लिहू देवा, हसतील. नोकरीच्या फॉर्मात डिसिप्लिन म्हणजे ब्रँच. मी बी.ई. मेकॅनिकल, तर क्वालिफिकेशन बी.ई. आणि डिसिप्लिन मेकॅनिकल. आपली टेक्स्टाईलची पोरं तिथं टेक्स्टाईल टाकतात. वहिनींचं शिक्षण काय?

पार्कचौकवाला:
एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्री.

इंजि_होटगीरोड:
मग ऑरगॅनिक केमिस्ट्री टाका, संपला विषय.

निवृत्त_मास्तर:
संपला नाही. डिसिप्लिन केमिस्ट्री, ऑरगॅनिक हे स्पेशलायझेशन. मराठीत ज्ञानशाखा म्हणतात, दोन-तीन ज्ञानशाखा मिळून काम केलं की ते इंटरडिसिप्लिनरी. या अर्थानं अनेकवचन होतं, डिसिप्लिन्स. शिस्त या अर्थानं होत नाही. मूळ लॅटिन डिसिप्लिना म्हणजे शिकवण, शिकणारा तो डिसिपुलस, त्यावरूनच डिसायपल. शिकवण्यात धाक आला, धाकात छडी आली, म्हणून शिक्षा हाही अर्थ त्याच शब्दाला आहे. आणि मुलं 'ही इज अ डिसिप्लिन बॉय' लिहितात ते चूक, 'डिसिप्लिन्ड' हवं.

इंजि_होटगीरोड:
सर तुमचं व्याकरण बरोबर असेल पण छाननी करणारा क्लार्क डिग्रीशी ताडून बघतो. जे छापलंय तेच अक्षरशः टाकायचं.

निवृत्त_मास्तर:
स्पेशलायझेशनचा वेगळा रकाना आहे का ते आधी विचारा की त्यांना.

पार्कचौकवाला:
आहे. खालीच आहे.

निवृत्त_मास्तर:
बघा.

कोल्हापुरी_ठसका:
खेळात पण चालतो हा शब्द. ऑलिम्पिकला ॲक्वाटिक्स हा खेळ आणि स्विमिंग, डायव्हिंग, वॉटर पोलो या त्यातल्या डिसिप्लिन. नेमबाजीत रायफल, पिस्तूल, शॉटगन. आमच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये रायफलमध्येच ब्राँझ आणलं, ५० मीटर थ्री पोझिशन.

कडकभाकरी:
कशात पण कोल्हापूर घुसवतो बे तू. बायकोच्या फॉर्मात रायफल कुठनं आली?

पार्कचौकवाला:
भांडा नंतर. अजून एक आहे, 'एनी डिसिप्लिनरी प्रोसीडिंग्ज पेंडिंग', यस का नो. ही एकदम शिस्तीची आहे, यस करू ना?

झेडपी_बाबू:
अहो थांबा!!! यस केलं तर फॉर्म तिथंच अडकेल. डिसिप्लिनरी म्हणजे शिस्तभंगाची कारवाई, कौतुक नाही. कुणाच्या रेकॉर्डला 'वॉज डिसिप्लिन्ड फॉर लेट कमिंग' दिसलं तर त्याच्यावर कारवाई झालीय असं समजायचं. मॅडम सध्या कुठं नोकरीला आहेत का?

पार्कचौकवाला:
हो, सरकारी लॅबमध्ये. उशिरा येण्याबद्दल एक नोटीस आली होती गेल्या महिन्यात, खुलासा दिलाय.

झेडपी_बाबू:
हे आधी सांगायचं असतं साहेब. राज्य सरकारची नोकरी असेल तर १९७९ चे शिस्त व अपील नियम लागतात. कारणे दाखवा नोटीस वेगळी आणि दोषारोपपत्र वेगळं. दोषारोपपत्र हातात पडलं की चौकशी सुरू झाली असं धरतात, सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा जानकीरामन निकाल आहे तसा. तेवढी नोटीसच असेल तर नो. पण त्या ओळीत 'ऑर कंटेम्प्लेटेड' (म्हणजे कारवाई करायचा विचार चाललाय) असं काही पुढं लिहिलंय का ते नीट वाचा, असलं तर आधी ऑफिसात आस्थापनेला विचारा. आणि एनओसी घेतली का?

पार्कचौकवाला:
'कंटेम्प्लेटेड' नाही. एनओसी आहे. केमिस्ट्री टाकलं, नो केलं, आता पेमेंटचं चक्र फिरायलंय.

चिंचोळी_एमआयडीसी:
याच भरतीला नॉन क्रिमीलेयर कुठल्या तारखेचं चालतंय? माझं मार्चला संपलंय. कुणीतरी लवकर सांगा.