टीएसएक्स व्हेंचरचा खाणशेअर ‘हॉल्ट’ झालाय, स्टॉपलॉस ठेवू की काढू?

मुलुंड_०७
एलआरएसमधून (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) पैसे पाठवून अमेरिकन ब्रोकरकडे कॅनडातल्या टीएसएक्स व्हेंचर या छोट्या कंपन्यांच्या शेअर बाजारातल्या एका सोनंशोध कंपनीचे ३,००० शेअर घेतलेत. काल रात्रीपासून स्क्रीनवर ‘हॉल्टेड, न्यूज पेंडिंग’ एवढंच दिसतंय. ०.४० डॉलरला स्टॉपलॉस (भाव तिथवर पडला की आपोआप विक्री) आहे. हे आपल्या लोअर सर्किटसारखंच समजायचं का? आणि कंपनीनं गंडवलं असेल तर भरपाई कोण देतं?

फोर्ट_डेस्क
लोअर सर्किट अजिबात समजू नका. सर्किटमध्ये भाव त्या दिवशी ठरावीक टक्क्यांखाली जात नाही आणि खरेदीदार मिळाला तर सौदा होतो. हॉल्टमध्ये सौदेच बंद असतात, आणि पुन्हा उघडताना भाव कितीही खाली लागू शकतो. म्हणून आधी स्टॉप काढा. शेअर ०.१८ ला उघडला तर साध्या स्टॉपची मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला विक्री) होते आणि माल ०.१८ ला किंवा त्याखाली जातो. ३,००० शेअरवर तुमच्या हिशेबापेक्षा ६६० डॉलर कमी! विकायचंच असेल तर बातमी वाचून लिमिट (या भावाखाली विकू नका अशी ऑर्डर) टाका.

हा हॉल्ट ‘सिरो’ ही कॅनडातली नियामक संस्था लावते, बऱ्याचदा कंपनीच्याच विनंतीवरून: ड्रिलिंगचे निकाल, विलीनीकरण, नवं भांडवल. बातमी आली की व्यवहार सुरू होतात. घाबरायचं ते ‘सीज ट्रेड ऑर्डर’ला, म्हणजे व्यवहारबंदीच्या आदेशाला. वार्षिक हिशेब वेळेत दिले नाहीत की प्रांतिक सिक्युरिटीज कमिशन ती काढतं, आणि मग महिनोन्‌महिने शेअर अडकतो. ऑर्डरच्या नावात ‘मॅनेजमेंट’ असेल तर बंदी फक्त कंपनीच्या पदाधिकाऱ्यांवर असते, तुम्ही विकू शकता. दोन्ही प्रकारच्या ऑर्डर ‘सेडार प्लस’ या कॅनडातल्या कंपन्यांच्या कागदपत्रांच्या साइटवर कंपनीच्या नावाखाली तपासा.

खडक_आणि_माती
बातमी आली की मथळा सोडा, तक्ता बघा. ‘४० मीटर, टनाला ३ ग्रॅम’ (ड्रिलच्या ४० मीटर लांबीत टनामागे सरासरी ३ ग्रॅम सोनं) ऐकायला छान वाटतं. पण त्यात १ मीटर १०० ग्रॅमचा आणि उरलेले ३९ मीटर अर्ध्या ग्रॅमचे असले तरी सरासरी ३ च येते! आतले तुकडे वेगळे दिलेत का, ते पाहा. ‘ट्रू विड्थ’ लिहिली नसेल तर ड्रिल सोन्याच्या शिरेला तिरपं गेलेलं असू शकतं, म्हणजे खरी जाडी कमी.

कॅनडाच्या एनआय ४३-१०१ नियमानुसार तांत्रिक माहितीमागे ‘क्वालिफाइड पर्सन’चं, म्हणजे पात्र तज्ज्ञाचं नाव हवं. साठ्याचा आकडा पहिल्यांदा जाहीर केला की ४५ दिवसांत तांत्रिक अहवाल दाखल करावा लागतो. हा नियम २००१ पासून लागू आहे, आणि त्याच्यामागे ब्रे-एक्स या कॅनडियन कंपनीचा घोटाळा आहे: इंडोनेशियातल्या बुसांगच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळल्याचं १९९७ मध्ये उघड झालं. ‘इन्फर्ड’ साठा म्हणजे अंदाज. त्याला खाण म्हणू नका.

भांडवल उभारणीची बातमी असेल तर तारीख लिहून ठेवा. प्रायव्हेट प्लेसमेंटचे (निवडक गुंतवणूकदारांना थेट विकलेले) शेअर साधारण चार महिन्यांनी विक्रीला मोकळे होतात, आणि वॉरंट (पुढे ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचा हक्क) हाती असलेले लोक बऱ्याचदा तेव्हा शेअर विकून मोकळे होतात.

ठाकुरद्वार_सीए
भरपाईचं स्पष्ट सांगते. भाव पडला म्हणून कुठलाच निधी पैसे देत नाही. अमेरिकेतल्या सिपिक या ब्रोकरच्या ग्राहकांसाठीच्या संस्थेचं संरक्षण ५ लाख डॉलरपर्यंत आहे, तेही ब्रोकर बुडाला तरच. परदेशी कंपनीविरुद्धची तक्रार सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर चालणार नाही. ती त्या प्रांताच्या कमिशनकडे करा.

शेअर अडकला तरी आयकर रिटर्नमध्ये शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेचा तक्ता) दाखवायचाच, कॅलेंडर वर्षाप्रमाणे. तोटा मात्र विक्री झाल्यावरच धरता येतो. नुसता हॉल्ट पुरत नाही.

मुलुंड_०७
स्टॉप काढला. टिकर पाच अक्षरी आहे, शेवटचं अक्षर ‘एफ’. त्यानं काही फरक पडतो?

फोर्ट_डेस्क
पडतो. म्हणजे तुमच्याकडे अमेरिकेच्या ओटीसी (एक्स्चेंजबाहेरच्या) बाजारातला माल आहे. कॅनडात हॉल्ट लागला की अमेरिकेतली नियामक संस्था फिनरा ओटीसीचे व्यवहारही थांबवू शकते. व्यवहार उघडल्यावर आधी टीएसएक्स व्हेंचरचा भाव बघा, कॅनडियन डॉलरचा अमेरिकन डॉलर करा, मगच लिमिट ठरवा. ओटीसीवर बिड (खरेदीचा भाव) आणि आस्कमध्ये (विक्रीचा भाव) फार अंतर असतं, त्यामुळे ३,००० एकदम टाकू नका.