स्विच बंद केला तरी आरपीएम पडत नाही. क्रिम्प खराब की मॉड्युल?

ऐरोलीची_बी१

नमस्कार मंडळी. मी एएमईच्या (विमान देखभालीचा कोर्स) शेवटच्या वर्षाला आहे, बी१.२, म्हणजे पिस्टन इंजिनाची विमानं. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये (नवी मुंबईतच, नाव राहू द्या) लोखंडी स्टँडवर एक रोटॅक्स ९१२ (छोट्या विमानाचं इंजिन) आहे. त्याचं वायरिंग पावसाळ्यात उंदरांनी खाल्लं. ते आम्ही चौघांनी मिळून नवीन केलं. इंजिनाला ठिणगी देणारी इग्निशन दोन असतात, ए आणि बी. ती बंद करायच्या दोन्ही वायरी माझ्याकडे होत्या.

शनिवारी रन घेतला. ४००० आरपीएमवर इग्निशन चेक. बी बंद केलं, १६० ने पडलं. मॅन्युअलमध्ये ३०० पर्यंत चालतं, त्यामुळे खूश. ए बंद केलं तर काटा जागचा हलेना, जणू स्विचला हातच लावला नाही. परत केलं, पडला. तिसऱ्यांदा परत नाही.

सरांनी मीटरचा बझर (वायर जोडलेली असली की वाजतो तो) लावून पाहिला, वाजला. म्हणाले वायर ठीक आहे, सीडीआय मॉड्युल (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलं असणार. त्याची किंमत ऐकून ऑफिसमधले गप्पच झाले. सीनियर म्हणतो, लगवर (वायरीच्या टोकाला दाबून, म्हणजे क्रिम्प करून बसवतात ते टर्मिनल) थोडं सोल्डर सोड, काम होईल.

आता कबुली. वायर चांगली होती, टेफझेल इन्सुलेशनची, २० गेज (गेजचा आकडा मोठा तर वायर बारीक). पण लाल लग संपले होते म्हणून लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या पाकिटातले निळे वापरले. वायर त्यात खुळखुळत होती, म्हणून टोक सोलून दुमडून डबल केलं आणि साध्या क्रिम्पिंग पक्कडीने दाबलं. दिसायला छान दिसतंय, खरंच. बाबा आधीच म्हणतात की चारकोपात अमोल यादवांनी गच्चीवर अख्खं विमान बांधलं, तू बाल्कनीतला दिवा तरी नीट लाव. तर आता काय करू?

जुना_हँगर_नौपाडा

आधी त्या प्रॉपेलरजवळून सगळ्यांना लांब कर, मग पुढचं वाच.

मॉड्युल मागवू नका. ए मेलं असतं तर बी बंद केल्याबरोबर इंजिनच थांबलं असतं. ते फक्त १६० ने पडलं, म्हणजे ए ठणठणीत आहे. इतकं की मरायला तयार नाही. इग्निशनचा स्विच घरातल्या दिव्याच्या उलट चालतो. जोडला की बंद, तुटला की चालू. स्विच ऑफ केल्यावर ती वायर अर्थ व्हायला हवी, तुझी मधूनमधून होत नाही. बी व्यवस्थित पडतंय, म्हणजे दोघांचा सामाईक अर्थही बरा आहे. उरलं काय, तर ए ची स्वतःची वायर, तिची टोकं आणि तो स्विच. स्विचही तपास, पण माझा पैसा तुझ्या निळ्या लगवर.

बझरचं मनावर घेऊ नकोस. केसाएवढी एक तार शिल्लक असली तरी बझर वाजतो. मीटर ओहमवर ठेव, मॉड्युलच्या बाजूला वायर सोडव, तिच्या टोकापासून इंजिनच्या बॉडीपर्यंत मोज आणि मोजताना कुणाला तरी लग हलवायला सांग. आकडा नाचला की चोर सापडला.

सोल्डरबद्दल स्वतःचंच सांगतो. १९८४ साल, जुहूला एका हँगरमध्ये नवीन होतो. पुष्पक विमान, त्यावर काँटिनेंटल सी९० इंजिन. इग्निशन स्विचच्या मागे मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय ठिणगी देणारं जुनं यंत्र) वायरीचा लग सैल वाटला, म्हणून मी मोठ्या कौतुकाने त्यावर सोल्डर ओतलं. चकाचक. तीन-चार महिन्यांनी हेल्परने स्विच ऑफ बघून प्रॉपेलर आडवा करायला हात लावला आणि इंजिनने एक लाथ मारली. पोरगा थोडक्यात वाचला, मनगटावर निभावलं. उघडून पाहिलं तर वायर वरून अखंड. इन्सुलेशन सोललं तेव्हा आतल्या तारा एका रेषेत कापल्यासारख्या तुटलेल्या, बरोबर जिथे सोल्डर संपत होतं तिथे. सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग सळईसारखा कडक होतो आणि सगळा हादरा त्याच्या पुढच्या एका बिंदूवर येतो. तेव्हा मला कुणी ओरडलं नाही, त्याचंच जास्त लागलं.

रोटॅक्सच्या सीडीआयला ठिणगी द्यायला स्टार्टरचा वेग लागतो, हाताने हळू फिरवलं तर ते सहसा उठत नाही. जुन्या मॅग्नेटोचा भरवसा नाही. पण सवय एकच ठेव, कुठलाही प्रॉपेलर जिवंतच समजायचा.

सोल्डरला अगदी बंदी आहे असं नाही. पण इंजिनाजवळ, आधार नसलेल्या टोकाला नको. आणि काही जण क्रिम्प करण्याआधी तारांना कल्हई करतात, ते तर त्याहून वाईट. सोल्डर मऊ, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि क्रिम्प ढिला पडतो.

वागळे_पॅनेलवाला

काका, अनुभवाला मान आहे, पण एवढा बाऊ कशाला? मी २२ वर्षं वागळे इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनेल करतोय. लोहार चाळीतून लग आणतो, हीच पक्कड वापरतो. एकही कम्प्लेंट नाही. ताईने टोक दुमडलं ते आम्हीपण करतो, पकड उलट वाढते.

जुना_हँगर_नौपाडा

दादा, तुमचं पॅनेल भिंतीला टेकून उभं असतं. ते मिनिटाला ४००० वेळा फिरणाऱ्या इंजिनावर बांधा, मग बोलू. राग नसावा.

महापे_हार्नेस

मी महापे एमआयडीसीत वायर हार्नेसच्या क्वालिटीमध्ये आहे. गाड्यांचे हार्नेस, विमानांचे नाहीत. पण तांबं तांबंच असतं.

दुमडून घातलेला क्रिम्प आमच्याकडे बघताक्षणी रिजेक्ट होतो. लगच्या नळीत तारा इतक्या दाबल्या जायला हव्यात की मधल्या फटी बुजून जवळजवळ एकच ठोकळा तयार व्हावा, आत हवा शिरायला वाव नको. आम्ही नमुने आडवे कापून, घासून, भिंगाखाली पाहतो. चांगल्या क्रिम्पमध्ये तारा गोल राहत नाहीत, मधाच्या पोळ्यासारख्या कोनी दिसतात. दुमडलेल्यात मधे काळी पोकळी असते. त्या पोकळीत आपली खाडीची दमट हवा गेली की आतून काळं पडायला सुरुवात. पॅनेलवाल्या दादांकडे हे होत नाही असं नाही, फक्त दिसायला वेळ लागतो.

दुसरी गोष्ट लगची. बाजारातल्या बहुतेक स्वस्त लगांवर नुसती पीव्हीसीची टोपी असते, वायरचं इन्सुलेशन ती धरत नाही. चांगल्या लगमध्ये (पीआयडीजी प्रकारचे मागा) नायलॉनच्या आत तांब्याची आणखी एक बाही असते. तिच्यामुळे टूल दोन ठिकाणी दाबतं, एकदा तारांवर आणि एकदा इन्सुलेशनवर. हादरा त्या दुसऱ्या पकडीने झेलायचा असतो, तारांनी नाही. तुझ्या पक्कडीने ती दुसरी पकड होणारच नाही. रॅचेट टूल घे, जे पूर्ण दाबल्याशिवाय उघडतच नाही. ते माणसाच्या मनगटावर विश्वास ठेवत नाही, म्हणून मला आवडतं.

रंगांचा हिशोब तुला पाठ असेलच. लाल २२ ते १६ गेज, निळा १६ ते १४, पिवळा १२ ते १०. तुझी २० ची वायर निळ्यात म्हणजे लहान पोराच्या पायात बाबांची चप्पल.

जुना_हँगर_नौपाडा

या ताईंनी मनातलं सांगितलं. आता ओढून बघण्याचं. वायर, लग आणि टूल या तिघांची जोडी जमली आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. तुझा लगही "छान दिसतोय"च की. म्हणून विमानावर हात लावण्याआधी त्याच वायरीचे, त्याच लगचे, त्याच टूलने चार-पाच नमुने करायचे आणि तुटेपर्यंत ओढायचे. जुन्या मिलिटरी स्पेसिफिकेशनमधले आकडे अजून सगळे वापरतात. २२ गेजला १५ पौंड, २० ला १९ पौंड म्हणजे साडेआठ किलोच्या वर, १८ ला एकदम ३८ पौंड. त्याखाली वायर सुटली तर टूल किंवा लग चुकलाय. वायर लगमधून सरकून न येता मधेच तुटली तर उत्तम. ओढायला बॅगा तोलायचा हुकवाला काटा घे, स्टेशनबाहेर मिळतो. झटका द्यायचा नाही, हळू ओढायचं.

मग वायर बांधायची कशी ते. इंजिन रबराच्या माउंटवर असतं, चालू-बंद होताना ते चांगलंच डुलतं. तुझ्या स्टँडवरही तसंच असणार. इंजिनावरून फ्रेमवर जाणाऱ्या प्रत्येक वायरीला तिथे थोडा झोळ दे. लगपासून चार बोटांवर पहिला रबर लावलेला क्लॅम्प. हात लांब अंतर ठेवलंस तर अख्खी वायर घंटेच्या लोलकासारखी लगला झोके देत बसते. एक्झॉस्टपासून लांब. पेट्रोलच्या नळीच्या खालून कधीच नको, वरून जाऊ दे आणि शक्यतो ६ इंच अंतर ठेव. प्लास्टिकचे टाय इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन तुटतात, त्याऐवजी मेणाचा दोरा शिक.

आणि इंजिन ते फ्रेम ही जाडी विणलेली अर्थ पट्टीही बघ. रबर माउंटमुळे इंजिन फ्रेमपासून विजेच्या दृष्टीने वेगळं पडतं. पट्टी ढिली असली तर स्टार्टरचा करंट थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो. ती केबल जळताना मी पाहिली आहे, पण तो किस्सा वेगळा.

ऐरोलीची_बी१

सगळ्यांचे आभार. काल ठाण्याला मावशीकडे गेले होते, येताना स्टेशनबाहेरून काटा घेतला. ठाणे-वाशी लोकलमध्ये एका काकूंनी विचारलं, "कुठे परदेशी निघालीस?"

आज मीटर लावला. ए ची वायर ०.३ ओहम. मैत्रिणीने लगला बोट लावलं, तर ०.३, ४०, उघडी, परत ०.३. सरांना बोलावून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण मॉड्युलचा कागद खिशात घातला.

लग कापून काढला. आत फक्त दुमडलेल्या बाजूच्या तारा दबल्या होत्या. खालच्या बाजूच्या नुसत्या टेकून बसलेल्या, आणि त्यातल्या बऱ्याच तुटलेल्या. महापेच्या ताई, भिंगाने पोकळी पाहिली, मधे खरंच काळं होतं.

नमुने केले. निळा, दुमडून, पक्कडीने: पहिला ३ किलोला सरकून बाहेर, दुसरा साडेचारला. लाल पीआयडीजी, शेजारच्या लॅबमधून आणलेलं रॅचेट टूल: पाचही नमुने साडेआठच्या पुढे गेले. एक शेवटपर्यंत ओढला, तर १४ च्या आसपास वायरच तुटली, लग जसाच्या तसा. तो मी ठेवून घेतला आहे.

नवीन लग लावून, क्लॅम्प जवळ घेऊन संध्याकाळी रन घेतला. ४००० ला ए बंद, १८० ने पडलं. बी बंद, १६०. फरक ११५ च्या आत हवा, म्हणजे पास. आयडलवर दोन्ही ऑफ केल्यावर लगेच थांबलं, तेही दोनदा करून पाहिलं.

वागळे_पॅनेलवाला

ताई, ते ३ किलोवालं वाचून काल केलेल्या पॅनेलमधला एक लग ओढून पाहिला. किती आलं ते इथे नाही सांगत. रॅचेट टूल कुठलं घेऊ?

महापे_हार्नेस

दादा, ब्रँडपेक्षा तुमच्या लगचा डाय त्याला बसतो का ते आधी बघा. लगवाल्या कंपनीचंच टूल मिळालं तर डोकं शांत राहतं. आणि ओढायचा काटा त्यासोबतच घ्या.

ऐरोलीची_बी१

एक राहिलंच. त्या पाकिटातले आणखी १४ लग इंजिनवर आहेत, बाकी तिघांनी लावलेले, चार्जिंगच्या रेग्युलेटरपासून ऑइल प्रेशरच्या सेंडरपर्यंत. एक जण म्हणतो, "माझे चालू आहेत, हात लावू नकोस." सरांनी किल्ली माझ्याकडे दिली आहे. शनिवारी सगळे कापणार.