छोट्या घरात केकचे साचे: माळ्यावर, ओट्याखाली की शेजारणीकडे?

दालचिनी:
आमच्या इमारतीतल्या मैत्रिणींमध्ये यावरून चांगलीच जुंपली आहे, म्हणून इथे विचारते. घरं सगळ्यांची सारखीच, वन बीएचके. ओट्याखाली तीन ट्रॉल्या. एकीत कुकर-कढया, दुसरीत ताटं-वाट्या, तिसरीत डबे. आता त्यातच गोल टिनं, चौकोनी टिनं, ब्रेडचं लांबट टिन, मफिनचा १२ खळग्यांचा ट्रे, क्रीमची नक्षी काढायच्या नोझलांचा डबा आणि आयसिंगचं फिरतं टेबल बसवायचं आहे.

माझं मत स्पष्ट आहे. जे टिन काढायला स्टूल लागतं, ते हळूहळू वापरातून जातं. केक करायचं मनात येतं ते मुलं शाळेतून आल्यावर, आणि त्या वेळी माळ्यावर कोण चढणार? म्हणून टिनं मोजकी असावीत आणि हाताशी असावीत. ७ इंची चौकोनी टिनाचा तळ ४९ चौरस इंच, ८ इंची गोल टिनाचा साधारण ५०. उंची सारखी असली की एकाचं मिश्रण दुसऱ्यात निर्धास्त ओता. ८ इंची चौकोनी आणि ९ इंची गोल यांचंही तसंच, दोन्ही ६४ च्या आसपास. मग दोन्ही आकार जागा का अडवतात? एक चौकोनी, एक ६ इंची गोल, एक लांबट, बस. बंट (मध्ये नळी असलेलं नक्षीदार गोल टिन), बदामाचा आकार, डोनटचा ट्रे हे इमारतीत मिळून एकेक घ्यावं आणि लागेल तसं फिरवावं.

बिडाचा_तवा:
अजिबात पटलं नाही. मोदकपात्र गणपतीत निघतं, सोऱ्या आणि करंजीचं कातणं दिवाळीत. बाकी वर्षभर ती माळ्यावरच असतात आणि तरीही घराघरांत पिढ्यानपिढ्या वापरात आहेत. मग नाताळच्या केकचं टिन वर गेलं तर ते वापरातून कसं जाईल? ओट्याखालची जागा रोजच्या स्वयंपाकाची आहे. सकाळी डब्याच्या घाईत बंट टिन बाजूला सारून कुकर ओढायचा, हे मला मान्य नाही.

चूक माळ्याची नसते, भरण्याच्या पद्धतीची असते. लोक सगळे साचे एका पोत्यात घालतात आणि मग एका कातण्यासाठी पोतं उपसतात. मी सणाप्रमाणे डबे लावते. दिवाळीच्या डब्यात सोऱ्या, त्याच्या सगळ्या ताटल्या, कातणं, शंकरपाळ्यांची फिरकी. नाताळच्या डब्यात बंट, कागदी वाट्या, बिस्किटांचे साचे. एक डबा उतरवला की काम सुरू.

सांजवात:
दोघींनाही एक विचारते, टिनं आडवी का रचता? एकावर एक ठेवली की हवं ते कायम तळाशीच असतं. ट्रे, जाळी, पिझ्झाची थाळी, मफिनचा ट्रे हे सगळं उभं करा. भिंतीवरच्या स्टीलच्या मांडणीत ताटं उभी राहतात, तिथेच हेही राहतं. मांडणी नसेल तर ऑफिसात फायली उभ्या ठेवायचा स्टँड ट्रॉलीत बसवा.

गोल टिनं मात्र एकात एक जातात, ती तशीच ठेवावीत. मध्ये जुन्या सुती साडीचा तुकडा घाला, नाहीतर वरच्याचा तळ खालच्याच्या नॉनस्टिकवर घासतो. तळ सुटा होणाऱ्या टिनाची कडी लावूनच ठेवा. उघडी राहिली आणि वर वजन पडलं की कडं वाकतं, मग पातळ मिश्रण खालून गळतं.

लोणी_साखर:
मी घरून ऑर्डरी घेते, त्यामुळे दालचिनीताईंचं गणित कागदावर बरोबर असलं तरी माझ्या कामाचं नाही. अर्ध्या किलोच्या ऑर्डरीला मी ६ इंची गोल वापरते, किलोला ८ इंची गोल. लेकाच्या वाढदिवसाला गोल केक सांगितलेल्या आईला चौकोनी कसा देऊ? एकाच मापाची दोन टिनं लागतात, कारण दोन थर एकदम भाजायचे असतात. एक भाजून, निववून, धुऊन मग दुसरा थर, तोपर्यंत उरलेल्या मिश्रणातली बेकिंग पावडर वाडग्यातच बरीचशी काम करून बसते.

जागा मी स्वयंपाकघराबाहेर शोधली. दिवाणाच्या खणात एक चपटा खोका आहे, त्यात सगळी टिनं. नोझलं आणि क्रीम पसरायची बोथट सुरी मसाल्याच्या जुन्या डब्यात. फक्त वजनकाटा ओट्यावर असतो, तो कधीच आत जात नाही.

दालचिनी:
लोणी_साखर, तुमचा तो व्यवसाय आहे, तिथे दोन-दोन टिनं लागणारच. मी महिन्यातून एखादा केक करणाऱ्यांबद्दल बोलतेय. आणि दिवाणाचा खण म्हणजे गादी उचलणं आलं. माझ्या दृष्टीने तोही माळाच.

बिडाचा_तवा, तुमची सणांच्या डब्यांची पद्धत मला आवडली, पण मोदकपात्राला गणपतीची तारीख असते. डोनटच्या ट्रेला कुठली तारीख? हौसेने घेतलेल्या साच्याला सण नसतो, म्हणून तो वर गेला की वरच राहतो.

म्हापश्याची_मावशी:
टिनं फिरवायची कल्पना गोड आहे, पण सगळ्यांना एकाच आठवड्यात लागली तर? आमच्याकडे गोव्यात नाताळच्या आधी घरोघरी बेबिंका, बोलिन्यां (नारळाची बिस्किटं), बात्क (रवा-नारळाचा केक) यांची तयारी असते, कारण कोन्सुआदची, म्हणजे नाताळच्या गोडधोडाची, ताटं शेजारी पाठवायची असतात. बेबिंका थर घालत घालत भाजायची. एक थर वरून रंगला की तूप, मग पुढचा थर. पूर्वी झाकणावर निखारे ठेवून करत, आता ओटीजीची (विजेच्या छोट्या ओव्हनची) फक्त वरची दांडी चालू करतात. निदान ७ थर. भांडं तासन्‌तास अडकतं. त्या दिवसांत कोण कोणाला टिन देणार? ज्याचं ज्याला हवं.

दालचिनी:
मावशी, नाताळाचं मान्य. पण बंट टिनाचं तसं नाही ना?

बिडाचा_तवा:
बंटला नुसती नक्षी समजू नका. गुगलहुप्फ नावाच्या युरोपातल्या केकच्या साच्यावरून नॉर्डिक वेअर या अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या कंपनीने १९५० मध्ये हे टिन काढलं. आधी फारसं खपलं नाही. १९६६ मध्ये पिल्सबरी या पीठ विकणाऱ्या कंपनीच्या बेकिंगस्पर्धेत या टिनात केलेल्या चॉकलेट केकला दुसरं बक्षीस मिळालं आणि मागणी एकदम वाढली. मधल्या नळीमुळे उष्णता आतूनही लागते, म्हणून जड मिश्रण कडेला करपायच्या आत मध्यापर्यंत शिजतं. खजूर-अक्रोडाचा भरगच्च केक मी त्यातच करते आणि ते टिन कोणाला देणार नाही. कोणी तारेच्या घासणीने घासलं की त्याच्या खाचा गेल्या.

जुनी_चाळकरी:
आमचं बालपण १६० चौरस फुटांच्या चाळीतल्या खोलीत गेलं. ओव्हन कोणाकडेच नव्हता. मे महिन्यात आई रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायची आणि नानकटाई भाजून पत्र्याच्या डब्यात घेऊन यायची. ट्रे बेकरीचे, भट्टी बेकरीची, आपल्या घरात फक्त डबा. केक व्हायचा तो कुकरमध्ये, तळाला वाळू, शिट्टी आणि रिंग काढलेली, आत ॲल्युमिनियमचा डबा. त्यामुळे दालचिनीचं मला पूर्ण पटतं. साधन सामाईक असलं तरी पदार्थ घरचाच असतो. मात्र कोणाकडे काय गेलं याची वही ठेवा आणि ती एकीनेच सांभाळा.

सांजवात:
ओटीजीच्या पोटात टिनं ठेवणाऱ्यांसाठी एक. जागा चांगली आहे, मीही ठेवते, पण आधी तापवायला लावताना ती बाहेर काढा. रिकामं नॉनस्टिक टिन २६० अंशांच्या वर गेलं की त्याचा लेप खराब होऊन धूर सुटतो. आणि ओटीजीच्या डोक्यावर बटर पेपरची गुंडाळी किंवा प्लास्टिकचे साचे नकोत, तो पत्रा चांगलाच तापतो.

लोणी_साखर:
पावसाळ्याचंही सांगा ना कोणी. दिवाणात माझ्या टिनांच्या दुमडीवर गंज येतो.

बिडाचा_तवा:
दुमडीत पाणी राहतं, फडक्याने ते निघत नाही. केक झाल्यावर ओटीजी बंद केला की धुतलेलं टिन त्याच उबेत दहा मिनिटं ठेवा आणि पूर्ण निवल्यावरच आत टाका. नॉनस्टिक नसलेल्या लोखंडी टिनाला तेलाचं बोट फिरवा. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका, कापडी पिशवी वापरा. जून ते सप्टेंबर माझं बंटसुद्धा माळ्यावर नसतं, मांडणीच्या वरच्या फळीवर असतं. तेवढ्यापुरतं दालचिनीचं म्हणणं मी चालवून घेते, बाकी आठ महिने नाही.